मोतीगीरच्या मुंडाशाभोवतीचे पतंग

"मग सांगवीला जाऊ का नको, बाबा?"

मोतीगीर वाफ्याच्या तोंडाशी उभा राहून विचारत होता. सांगवीचा मठ ओस पडलेला. तिथली माणसं येऊन म्हणाली होती, आम्हाला मोतीगीर द्या. तेव्हापासून गड्याची मान अशी ताठ, की माशी बसली तरी घसरावी. पण गुरूच्या होकाराशिवाय पाऊल कसं उचलणार?

पुरणगीरबाबा मठाच्या भुईमुगात सापळा टांगत होते. अळीनं पानांची पार चाळणी केलेली.

"जाशील, पण कशाच्या जोरावर?"

"जीव माझ्याकडं ओढले जातात, बाबा. माणसंच नव्हे. काल तिन्हीसांजेला जपाला बसलो, तर पतंग येऊन डोक्याभोवती फिरायला लागले. तुमच्याकडं एक फिरकला नाही."

"आम्हाला कोण विचारतंय," बाबा म्हणाले. "आज बस बरं. बघू दे तरी."

मोतीगीर बांधावर बसला. डोळे मिटले. दिवस बुडाला, आणि खरंच… एक पतंग आला, दुसरा आला, मग थवाच.

बाबांनी वाकून त्याला हात जोडले. मोतीगीरनं डोळे किलकिले करून ते पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाबांनी हात लांब केला आणि त्याच्या मुंडाशाच्या घडीतून हरभऱ्याएवढी रबरी गोळी काढली.

"हे काय?"

"कामगंधाची गोळी. मादीचा वास असतो हिला. नर येतात, सापळ्यात अडकतात, पुढची पिलावळ थांबते. तुझं मुंडासं दोरीवर वाळत होतं. म्हटलं, ब्रह्मचाऱ्याचीही जरा हौस भागू दे."

बाबांनी गोळी सापळ्यात अडकवली. पतंग मोतीगीरला सोडून तिकडं गेले. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

…

मोतीगीरला आधी राग आला, मग हसू. म्हातारा पंचाहत्तरीला टेकलेला, आणि आपल्या एका चेल्यासाठी एवढा खटाटोप. हसू ओसरलं तसा तो हळूच म्हणाला,

"म्हणजे माझ्यात काहीच नाही का, बाबा?"

उरल्या उजेडात खाली वाकून बाबांनी एक पान खुडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. पानाला एक अळी चिकटलेली, काडीसारखी कडक. अंगावर हिरवट भुकटी.

"मेली?"

"बुरशीनं धरली. गेल्या साली अशाच मेलेल्या अळ्या वाटून पाण्यातून शिंपडल्या होत्या. आता एकीची भुकटी दुसरीला लागते, दुसरीची तिसरीला. गाजावाजा नाही, बोलावणं नाही."

मोतीगीरनं वाकून पाहिलं. ओळीच्या ओळीत अळ्या जागच्या जागी थिजलेल्या, आणि त्यांच्या वर भुईमुगाला नवी, अखंड पालवी. इतके दिवस तो याच बांधावर डोळे मिटून बसत होता.

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

उठला तेव्हा तळहात हिरवा झालेला. तो रांजणाकडं वळला, तांब्या भरला.

"मग… सांगवीला?"

"जा की, मोत्या," बाबा म्हणाले. "फक्त हात धुऊ नकोस."