वजन पडल्यावर

"...मग रबर पुन्हा फाटलंच कसं, वस्ताद?"

अभिनंदननं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्तादांनी तिसऱ्यांदा नुसती मान हलवली आणि चहाचा कप खाली फरशीवर ठेवला.

रविवारची सकाळ होती. कुपवाडात, अभिनंदन मगदूमच्या घरापुढं, गाडीचं तोंड वर उचललेलं. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. गाडी दोन लोखंडी घोड्यांवर उभी, आणि तिच्या खाली पसरलेल्या जुन्या चादरीवर पाने, हातोडी, ग्रीसचा डबा असा सगळा बाजार.

वस्ताद त्याच गल्लीतले. जन्मभर मिरजेच्या रस्त्याला गॅरेज चालवलं, आता गुडघ्यांनी घरी बसवलं. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. पण गाडी वळणावर आली की आवाजावरून सांगायचे, हिचा कुठला सांधा दुखतोय.

अभिनंदन कारखान्यात मशिनं सांभाळणारा इंजिनिअर. हाताचा चांगला. फक्त एक होतं, आपल्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागलेला त्याला खपत नसे. आज त्यानं वस्तादांना बोलावलं होतं, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं ते समजून घ्या.

चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. आर्म म्हणतात त्याला. तो गाडीला जिथं जोडलेला असतो तिथं रबराचा बुश असतो, मधून बोल्ट घालून आवळलेला. खड्ड्यातून गाडी गेली की चाक वरखाली होतं, हात वरखाली होतो, आणि सगळं दुखणं ते रबर सोसतं. अभिनंदननं चार महिन्यांत दोनदा ते रबर बदललं होतं. दोन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत फाटलं. मग पुन्हा खडखड सुरू. आज सकाळी तिसरा जोड बसवून झाला होता.

"माल नवा आहे," अभिनंदन म्हणाला. "पहिला वाईट निघाला म्हणून दुसऱ्या दुकानातून आणला. जॅक नवा. पाना तर असा आणलाय की किती जोर लावला तेही दाखवतो. पुस्तकात लिहिलंय तेवढाच जोर लावला. एक काटा इकडं नाही की तिकडं."

"कवा आवळलंस?"

"आज सकाळी. साडेसात असतील."

"घड्याळ न्हाई इचारत. आवळलंस तवा गाडी कुठं हुती?"

"इथंच की. कुठं जाणार?"

"वर का खाली?"

अभिनंदनला हसू आलं. "वस्ताद, गाडी खाली असल्यावर आत हात कसा जाणार? वरच होती."

वस्ताद भिंतीला हात लावत उठले. बॉनेटपाशी आले, आणि उगीच, बोटांनी त्यावर दोनदा टकटक केलं.

अभिनंदन दचकला.

त्रिशला अशीच टकटक करायची. त्याची बायको. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. हा सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरलेला असायचा, आणि उन्हं भिंतीवरून कलली की ती बाहेर येऊन बॉनेटवर दोनदा वाजवायची. बांगड्याही वाजायच्या. "अहो, सूर्य चालला." हा खालून म्हणायचा, "दोन मिनिटं." ती तिथंच उभी राहायची. तिच्या चपला त्याला खालून दिसायच्या, निळ्या पट्ट्याच्या.

आता तो केव्हाही जेवायचा. कधी दिवस मावळल्यावर, कधी उभ्या उभ्या. टकटक करायला कुणी नव्हतं.

"इकडं ये," वस्ताद म्हणाले. "हात खाली सोड. ढिला. आसाच."

अभिनंदन हात सोडून उभा राहिला. वस्तादांनी त्याच्या शर्टाची बाही काखेपाशी अंगाच्या कापडासकट मुठीत गच्च धरली.

"आता हात वर कर."

त्यानं हात वर केला. शर्ट ओढला गेला. काखेतून टाक्यांचा बारीक आवाज आला.

"अहो वस्ताद, शर्ट!"

"फाटला न्हाई," वस्ताद म्हणाले. "फाटंल. दोन म्हैन्यांनी."

अभिनंदन हात वर धरूनच उभा राहिला. मग त्यानं गाडीकडं बघितलं. त्या लोंबत्या लोखंडी हाताकडं बघितलं. गाडी खाली उतरली की हा हात वर जाणार. आणि रबर तर हात लोंबत असताना आवळलेलं. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी त्या रबराला पीळ. रात्रंदिवस पीळ. रस्त्यावर जायच्या आधीच ते दमलेलं.

"एवढंच?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

"एवढंच."

"पुस्तकात होतं बहुतेक. खाली, बारीक अक्षरात."

"मला अक्षर कुठं येतंय, बाबा." वस्तादांनी त्याची बाही सोडली, शर्ट झटकून सरळ केला. "सगळं ढिलं कर. हातानं फिरंल एवढं ठेव. चाकं लाव. चाकांखाली ते लाकडी ठोकळे सरकव, म्हंजे हात जायला जागा ऱ्हाईल. आन् गाडी उतरव. वजन पडू दे तिच्यावर. वजन पडल्यावर आवळायचं."

तासभर गेला. घाम पुसत अभिनंदननं सगळं केलं. गाडी ठोकळ्यांवर उतरली. वस्तादांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून तिला चारपाच हेलकावे दिले, झोपलेल्या माणसाला हलवावं तसे. गाडी वरखाली झाली आणि आपल्या जागी येऊन थांबली.

"आता आवळू?" पाना हातात घेऊन अभिनंदन वाकला.

"थांब. ह्या गाडीत बसतं कोण?"

"मी."

"आन्?"

अभिनंदन पान्याचा काटा बघत राहिला.

वस्तादांची ही रीत साऱ्या मिरजेला ठाऊक होती. पुढच्या चाकांचं काम झालं की ते मालकाला सांगायचे, गाडी न्यायला एकटा येऊ नको, घरचे घेऊन ये. मग ज्याची त्याची जागा धरून सगळी बसायची, आजी मागं, बाई पुढं, मांडीवर पोर. वस्ताद खाली शिरून शेवटचं आवळायचे. बाकीचे मिस्त्री हसायचे. म्हणायचे, बाबालालकडं गाडीची दुरुस्ती नसते, फोटो काढतात.

"त्रिशला बसायची," अभिनंदन म्हणाला. "डावीकडं."

"मग बोलीव तिला."

"ती निपाणीला आहे. माहेरी. तुम्हाला माहीत आहे, वस्ताद."

"गल्लीला म्हाईत हाय. तुझ्या तोंडनं न्हाई ऐकलं."

...

ती गेली त्या दिवशीही गाडी अशीच घोड्यांवर चढवलेली होती. निपाणीहून फोन आला, त्रिशलाच्या आईला झटका आला, दवाखान्यात नेलंय. ती पिशवी भरून बाहेर आली. अभिनंदन खालून म्हणाला, "दोन तासांत होतंय. आपल्याच गाडीनं जाऊ." ती पायरीवर बसली. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. एक बोल्ट निघेना. "गॅरेजवाल्याला बोलवू या का?" तिनं एकदाच विचारलं. तो म्हणाला, "त्यांना काय कळतंय?" दिवस मावळताना तिनं बॉनेटवर टकटक केलं नाही. निळ्या पट्ट्याच्या चपला त्याला खालून जाताना दिसल्या. स्टँडवर जाऊन ती एसटीनं गेली.

आई वाचली. आता धरून धरून चालते, असं कळलं. अभिनंदननं फोन केला होता. म्हणाला होता, "गाडी नीट करतो आणि न्यायला येतो."

ती म्हणाली होती, "बरं."

चार महिने ते 'बरं' त्याच्या कानात होतं. ते रागाचं होतं, का थकल्याचं, का खरंच बरं होतं, त्याला उमगत नव्हतं. गाडी नीट झाली की कळेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आणि गाडी नीट होत नव्हती.

हे सगळं त्यानं वस्तादांना सांगितलं. थांबत थांबत, पान्याशी खेळत.

वस्ताद ऐकत होते.

मग अभिनंदन एकदम उठला. "वजनच हवंय ना? तिचं वजन चोपन्न किलो. मी ठेवतो."

आत गेला, आणि गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन आला. डावीकडच्या सीटवर उभं केलं. चार किलो कमी पडत होते, म्हणून तांदळाचा डबा पायाशी ठेवला. पोतं कलायला लागलं तसा त्यानं पट्टा ओढून त्याला बांधलं.

वस्ताद दारातून वाकून पोत्याकडं बघत राहिले.

"काय वैनी," ते पोत्याला म्हणाले, "निघायचं का?"

"चेष्टा करू नका, वस्ताद."

"मी कुठं? पोतं बांधून तू बसीवलंस." त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "बोलत न्हाई, रुसत न्हाई, टकटक करत न्हाई. झ्याक हाय. जा घेऊन निपाणीला."

अभिनंदनचे कान लाल झाले. "हिशेबानं बघितलं तर एका माणसानं सेंटिमीटरभरसुद्धा फरक पडत नाही. तुमची ही रीत म्हणजे… माफ करा, पण त्यात काही अर्थ नाही. एक माणूस नसला तर काय फरक पडतोय?"

"कुणाला?"

...

भिंतीवरचं ऊन खाली सरकत होतं. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं, आणि मधूनच बांगड्या वाजत होत्या.

अभिनंदन चादरीवर मटकन बसला. म्हणाला, "वस्ताद, ही माणसं बसवायची रीत तुम्हाला कुणी शिकवली?"

"फाटल्याली रबरं शिकीवत्यात."

मग वस्ताद गाडीच्या उघड्या दारात, पोत्याच्या शेजारी, अर्धवट टेकले. गुडघा चोळू लागले.

"माझी गाडी कधीच नव्हती. लोकांच्याच. काम झालं की एक फेरी मारून बघायचो. घरावरनं जायचो. हॉर्न द्यायचो. म्हणायचो, बेगम, चल, पुलापतूर जाऊन येऊ. ती पिठाचं हात दाखवायची… म्हणायची, पुढच्या खेपंला."

"मग?"

"मी पण म्हणायचो, बरं."

ते पोत्याकडं बघत होते, पण पोतं त्यांना दिसत नसावं.

"बसल्या का कधी?"

वस्ताद उठले. अभिनंदनच्या हातातला पाना घेतला, जोर दाखवणारा, नवा कोरा. फडक्यानं पुसला आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला. अर्धा बाहेर राहिला.

"अहो, आवळायचं राहिलंय!"

"व्हय. ऱ्हाऊ दे."

"आणि गाडी? अशी ढिली रस्त्यावर नेता येणार नाही."

"न्यायचीच न्हाई. ती हितंच ऱ्हाणार. जमिनीवर. साडेअकराला निपाणी गाडी हाय स्टँडवरनं."

"एसटीनं?" अभिनंदन उठून उभा राहिला. "तिला न्यायला मी एसटीनं जाऊ? काय म्हणेल ती? चार महिने सांगतोय गाडी नीट करून येतो म्हणून, आणि हात हलवत उतरू स्टँडवर?"

"ती गेली तवा कशानं गेली?"

अभिनंदननं आपल्या हातांकडं बघितलं.

ग्रीस नखांत शिरलं होतं. मग गाडीत वाकून पट्टा सोडला. पोतं त्याच्या अंगावर कललं, ते त्यानं दोन्ही हातांनी सावरलं, आणि क्षणभर तसंच धरून उभा राहिला. मग ते पाठीवर घेऊन आत ठेवून आला.

हातपाय धुतले. शर्ट तोच ठेवला, काखेत टाके उसवलेला. दाराला कुलूप लावलं. वस्ताद फाटकापाशी उभे होते, खिशातला पाना एका हातानं सांभाळत.

अभिनंदन फाटकातून बाहेर पडला, चार पावलं गेला, आणि वळला. तोंड एवढंसं झालं होतं.

"वस्ताद… आणि ती नाही आली तर?"

वस्तादांनी मागं, ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या गाडीकडं एकदा बघितलं.

"तर तिथंच बस," ते म्हणाले. "वजन तर पडू दे."