टिकलीची करंजी आणि बसलेली म्हैस

गोठ्याच्या कोपऱ्यात बीळ. बिळात चूल. चुलीपाशी टिकली.

टिकली म्हणजे उंदरीण. शेंगदाण्याएवढी! पण हट्टी. फार फार हट्टी.

आज होती भाऊबीज. बांधापलीकडून गोटूदादा येणार होता. टिकलीचा लाडका दादा! त्याच्यासाठी टिकली करणार होती करंजी. आणि करंजीच्या सोबतीला एक मोदक.

मोदक का बरं? करंजी म्हणजे बहीण. ती कढईत एकटी जात नाही. तिला भाऊ सोबत लागतो. तो भाऊ म्हणजे मोदक! टिकलीच्या आईनं तसंच शिकवलं होतं.

टिकलीनं पीठ मळलं. गूळ किसला. खोबऱ्याची वाटी घेतली. आणि वाटी निसटली! गड गड गड, थेट गोठ्यात!

तेवढ्यात म्हैस बसली. धप्पकन! खोबऱ्यावरच!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
ऊठ ना जरा!
खोबरं सुटेल,
माझ्या दादाची करंजी होईल!"

म्हैस म्हणाली, "हूंऽऽ! मी नाही उठत. हिरवं गवत आण, मग उठते."

रडली का टिकली? छे! टिकलीनं शेपटी खोचली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"गवता, गवता,
म्हशीकडे चल.
म्हैस उठेल,
खोबरं सुटेल,
माझ्या दादाची करंजी होईल!"

गवत म्हणालं, "सळसळ! मी नाही येत. विळ्यानं कापलं, तर येईन."

टिकलीनं शेपटी खोचली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"विळ्या, विळ्या,
गवत काप.
गवत म्हशीकडे जाईल.
म्हैस उठेल,
खोबरं सुटेल,
माझ्या दादाची करंजी होईल!"

विळा म्हणाला, "मी नाही कापत. मी झालोय बोथट. लोहारानं धार लावली, तर कापीन."

टिकलीनं शेपटी खोचली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

गुणाजी लोहार भट्टीपाशी बसले होते. एकटेच. गाल फुगवून.

"लोहारकाका, लोहारकाका,
विळ्याला धार लावा.
विळा गवत कापेल.
गवत म्हशीकडे जाईल.
म्हैस उठेल,
खोबरं सुटेल,
माझ्या दादाची करंजी होईल!"

लोहार म्हणाले, "नाही लावत, जा! आज भाऊबीज. मला बहीणच नाही. मला कोण देणार करंजी? आधी करंजी दे, मग धार लावतो."

आता गं बाई! करंजीला हवं खोबरं. खोबऱ्यावर बसली म्हैस. म्हशीला हवं गवत. गवताला हवा विळा. विळ्याला हवी धार. आणि धारेला हवी करंजी! झालं की गोल गोल!

टिकली मटकन बसली. करंजी एक. मागणारे दोन. काय करावं?

मग तिला आठवला मोदक!

टिकलीनं शेपटी खोचली. लोहाराच्या गुडघ्यावर चढली.

"लोहारदादा," ती म्हणाली. काका नाही हं, दादा! "लोहारदादा, आधी धार लावा. करंजी तुमची. ओवाळून देते. बहीण भावाला फसवत नाही."

"मला दादा म्हणालीस?" लोहारांचे डोळे भरून आले. ते उठले. हातात कानस घेतली.

मग काय!

लोहारानं धार लावली. खर्र खर्र!
विळ्यानं गवत कापलं. सर्र सर्र!
गवत म्हशीकडे गेलं. सळसळ सळसळ!
म्हैस उठली. हूंऽऽ!
खोबरं सुटलं. टुणुक!

टिकलीनं खोबरं धुतलं. पुसलं. किसलं. सारण भरलं. करंजीला मुरड घातली. मोदकाला शेंडी काढली. दोघं गेली कढईत. चुर्र चुर्र! झारा नव्हता. टिकलीनं काडीनंच उलटवली.

दिवे लागले. गोटूदादा आला. लोहारदादाही आले. टिकलीनं गोठ्यात मांडले दोन पाट. एक काडेपेटीएवढा. एक मोठ्ठा! दोघांना ओवाळलं.

लोहारदादाला दिली करंजी. गोटूदादाला दिला मोदक.

गोटूदादा म्हणाला, "अगं, करंजी माझी होती ना?"

टिकली म्हणाली, "करंजी म्हणजे बहीण. ज्याला बहीण नाही, त्याला करंजी. तुला तर मी आहे!"

गोटूदादा हसला. त्यानं मोदक मोडला. अर्धा टिकलीला दिला.

लोहारदादानं दिली ओवाळणी. काय होतं त्यात? झारा! टिकलीच्या पंजाएवढा झारा!

करंजी संपली. मोदक संपला. बोटं चाटली. गोष्ट संपली.

आणि म्हैस? म्हैस पुन्हा बसली. धप्पकन!