ठेक्याच्या गाडीमागे

मेहुणा पोसायचा तर आपल्या ताटातला घास द्यावा. चिंचगड संस्थानाच्या दिवाणांनी टांगेवाल्यांच्या तोंडचा दिला. मेहुण्यानं बैलगाड्यांचा ठेका घेतला, पण त्यांत कुणी बसेना. मग दिवाणांचा हुकूम निघाला : ‘रयतेच्या जिवाची काळजी म्हणून ठेक्याच्या गाडीपुढे कुणीही टांगा काढू नये. काढल्यास घोडा जप्त.’

एकदा लेकीच्या लग्नाला निघालेल्या दिवाणांच्या बग्गीचा आख मोडला. ते घाईघाईनं दस्तगीरच्या टांग्यात चढले. घाटात पुढे नेमकी मेहुण्याची बैलगाडी लागली. दस्तगीरनं लगाम खेचला. घोडा खूर आपटू लागला, दिवाण टांग्यात चुळबुळू लागले.

“अरे, काढ पुढे! मुहूर्त टळतोय!”

“सरकार, हुकूम आहे.”

“माझाच ना तो?”

“म्हणून तर! साध्या रयतेच्या जिवाला एवढं जपायचं, मग आपला जीव कसा धोक्यात घालू?”

बैल डुलत राहिले. खालून सनईचा सूर आला, तसे दिवाण ताडकन उभे राहिले.

“हुकूम रद्द!”

दस्तगीरनं मागं पाहिलं. वळणापर्यंत टांग्यांची रांग लागली होती.

“जरा मोठ्यानं, सरकार. शेवटच्या टांग्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”