विरजणापुरतं दही

“रोज सकाळी साडेनऊला सगळ्यांचे चेहरे समोर असतात, बाबा. कॅमेरा बंद ठेवू देत नाही मी कुणाला. तरी माणसं लांब का जातात?”

सोनगीरबाबा चुलीवरून भाताचं पातेलं उतरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“किती गेली?”

“दोन. आता तिसरी.”

विक्रांत धुमाळ पुण्यातल्या एका कंपनीत चौदा जणांचा प्रमुख होता. सहा जण ऑफिसात येत, आठ जण आपापल्या गावी घरबसल्या काम करत. कॉलेजात असल्यापासून तो घाटाखालच्या या मठीत येत असे. या खेपेला त्याच्या मोबाईलमध्ये एक राजीनामा होता, अकोल्याच्या कल्याणी इंगळेचा. संध्याकाळी सहाला तिला फोन करायचा होता. तिला थांबवायचं, ते तेवढ्या एका फोनवर.

“काय लिहिलंय पोरीनं?”

विक्रांतने वाचून दाखवलं, “‘सर, मी गेल्याने कुणाचं काही अडणार नाही.’”

“खरं आहे का?”

“तशीच व्यवस्था केलीय मी!” विक्रांत जरा ताठ बसला. “प्रत्येक कामाची कृती लिहून ठेवलीय. दोनशे पानं आहेत. कुणाला कुणाकडे काही विचारायला जावंच लागत नाही.”

“तुलासुद्धा?”

“मी तर कुणालाच त्रास देत नाही. तिनं बसवलेलं अहवालाचं एक काम बिघडलंय. तीन दिवस माझं मीच उलगडत बसलोय.”

“शहाणा माझा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ताटं मांडली.

बाबा एकवेळ जेवत, दुपार कलल्यावर. भातावर त्यांनी दही घेतलं. विक्रांतला वाढलं. पुन्हा घेतलं. मग बोटानं गाडगं निपटायला लागले.

“अहो बाबा! विरजणापुरतं तरी ठेवा.”

बाबांनी बोट चाटलं. गाडगं उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला नाही.

“आता काय हो?”

“आता तू जा. ओढ्यापलीकडे, ताराकाकूकडे. लवकर जा, दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत.”

“मी मागू?”

“मग काय गाडगं मागेल?”

वाटी घेऊन विक्रांत निघाला. त्या उतारावर अकराच घरं, एकमेकांपासून हाकेच्याही पलीकडे. दारात उभं राहून काय बोलावं, ते तो वाटभर जुळवत होता.

ताराकाकूंनी वाटी बघितली आणि त्याला बोलूच दिलं नाही.

“संपवलं ना म्हाताऱ्यानं? बस. आधी ही सुई ओवून दे, मला दिसत नाही मेलं.”

तो परतला तेव्हा सव्वा तास उलटला होता. वाटीत विरजण होतं, खिशात दोन पेरू.

“चमचाभर दह्याला एवढा वेळ?”

“काकूंचा गुडघा धरलाय. भिकाजीची म्हैस व्यायली. काकू म्हणाल्या, तुमची खोकल्याची पुडी पाठवून द्या.” विक्रांत पायरीवर टेकला. “आणि बाबा… हे विरजण तुमचंच आहे. परवा काकूच तुमच्याकडून घेऊन गेल्या होत्या.”

“हो का?”

“मग तुम्ही एक चमचा ठेवला असता, तर…”

बाबा दूध तापवत होते.

विक्रांत वाटी हातात धरून ओढ्याकडे बघत राहिला…

सहा वाजले. कल्याणीला काय काय सांगायचं, ते त्यानं कागदावर टिपून आणलं होतं. तो कागद घडी घालून त्यानं पेरूंखाली ठेवला आणि फोन लावला.

“कल्याणी, विक्रांत बोलतोय. एक अडलंय माझं.”

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

“शनिवारच्या अहवालाचं काम तू बसवलंस ना? तीन दिवस झाले, मला ते उमगत नाहीये. सांगशील?”

“…सर, तुम्ही मला विचारताय?”

“हो. दुसरं कुणाला विचारू?”

मग ती हसली. “तीन दिवस! आणि दोनशे पानांत नाही सापडलं?”

“नाही ना सापडलं.”

“थांबा सर, लॅपटॉप उघडते. आई, गॅस बंद कर गं!”

बोलणं बराच वेळ चाललं. अहवाल सुटला, मग तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, जे त्याला ठाऊकच नव्हतं. राजीनाम्याचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, “सर, उद्या मीच करते फोन. मलाही काही विचारायचंय.”

विक्रांत आत आला. कोमट दुधात त्यानं विरजण घातलं. वाटीत निम्मं उरलं होतं. ते त्यानं नीट झाकलं आणि कोनाड्यात ठेवायला हात उचलला.

“काय करतोस?”

“पुढच्या वेळेला असू दे, बाबा. तुम्हाला पुन्हा जायला नको.”

बाबांनी वाटी त्याच्या हातातून घेतली, बोटानं निपटून खाल्ली.

“वेड्या, तारा वाट बघेल.”