सोनूची रेघ

“…मग याच्याहून जाड तेल कुठलं घालू, ते तरी सांगा.”

रघुवीर पाष्टेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. इसाकमिस्त्री आपल्या गॅरेजच्या दारात बशीतला चहा फुंकत बसले होते.

दुपारचे बारा वाजले असतील. पण घाटाच्या पायथ्याशी त्या दिवशी धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. गॅरेजसमोरच्या उतारावर जीप उभी होती, तिचं तोंड तेवढं दिसत होतं. मागचा अर्धा भाग कुणी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला होता.

जीप रघुवीरच्या बापाची, सोनूची. सव्वीस वर्षं त्यानं ती या घाटात चालवली. माणसं वर नेली, खाली आणली. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर त्याच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली. आत नऊ माणसं होती. एकालाही खरचटलं नाही.

रघुवीर ऐन विशीत दोन वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली शिकला होता. पुढे शहरात मोठ्या वर्कशॉपात गेला, सर्टिफिकेट मिळवलं, ते काच लावून भिंतीवर टांगलं. बाप गेल्यावर परत आला आणि जीप हातात घेतली. तेव्हापासून इंजिनाला तेल पुरेना.

“आतापर्यंत काय काय पाजलंस?” मिस्त्रींनी विचारलं.

“आधी पंधरा-चाळीस नंबरचं. मग त्याहून जाड, वीस-पन्नास. मग त्यात रबरी सीलं मऊ करायचं औषध. चाचा, चार लाख किलोमीटर झालेलं इंजिन आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. झिजलेल्या इंजिनाला जाड तेल द्यायचं, हे पुस्तकात लिहिलंय.”

“असं का… मग पुस्तकाला विचारायचं. माझा चहा कशाला थंड करतोस?”

रघुवीर ओशाळला. “उद्या भंगारवाला येतोय,” तो हळूच म्हणाला. “त्याला हो म्हणून बसलोय.”

“भंगारात द्यायची तर तेल कशाला विचारतोस?”

रघुवीरनं बोटांचं तेल पँटला पुसलं.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. “गळतं कुठून?”

“तेच कळत नाही. रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा ठेवून बघितला. सकाळी ठणठणीत कोरडा. धूर बघितला, निळा नाही, काळा नाही. गळत नाही, जळत नाही. तरी सकाळी तेल मोजायची पट्टी काढली की बोटभर खाली. रोज बोटभरच. कमी नाही, जास्त नाही… कुणी मोजून काढून न्यावं तसं.”

शेवटचं त्याला बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

“रघू.”

तो जीपकडे न बघता म्हणाला, “सकाळी सुरू केली की खोकते. बाबा पहाटे उठल्यावर खोकायचे, तशी. तीनदा. मग गप्प होते.”

“जाड तेल वर चढायला वेळ लावतं,” मिस्त्री म्हणाले. “थंडीत तर जास्तच. तोवर वरचं लोखंड कोरडं घासतं. गोठलेलं तूप पाजलंस तर कुणीही खोकेल.”

रघुवीरला हायसं वाटलं. एवढंच होतं तर. तो हसणारही होता.

“तीनदाच का,” मिस्त्री म्हणाले, “ते मात्र मला सांगता यायचं नाही.”

…

“बोटभर खाली गेलं की तू काय करतोस?”

“भरतो. वरच्या खुणेपर्यंत.”

“रोज?”

“रोज.”

“आणि नाही भरलं तर? आणखी किती खाली जातं?”

रघुवीरला जीप हातात घेऊन अकरा महिने झाले होते. एकाही सकाळी त्यानं न भरता सोडलं नव्हतं.

“इंजिन जाम होईल अशी भीती वाटायची,” तो म्हणाला.

“भीतीनं ओतत राहिलास. ते बिचारं टाकत राहिलं.” मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. “तुला हे शिकवलं होतं मी. शहरात जाऊन विसरलास. म्हातारं इंजिन आपली भूक आपण ठरवतं. त्याच्या वरचं ठेवून घेत नाही. म्हणून घाटातले जुने ड्रायव्हर कंपनीच्या खुणेपर्यंत भरत नसत. चार दिवस बघायचे, तेल जिथं टिकेल तिथं पट्टीवर कानशीनं आपली रेघ पाडायचे. पुढे तेवढंच भरायचे.”

“वर्कशॉपात असलं सांगितलं तर हसतात, चाचा.”

“हसू देत. त्यांच्याकडे नव्या गाड्या येतात.”

त्यांनी जीपजवळ जाऊन बॉनेट उचललं. “काढ पट्टी. पूस. आता डोळे मीट आणि नख फिरव.”

रघुवीरनं डोळे मिटले. थंड पत्र्यावरून अंगठ्याचं नख खाली सरकू लागलं. वरची खूण लागली, कंपनीची. त्याखाली गुळगुळीत. आणखी खाली…

नख अडकलं.

त्यानं डोळे उघडले. वरच्या खुणेपासून बरोबर बोटभर खाली एक बारीक रेघ होती. जराशी तिरकी.

“सोनूची,” मिस्त्री म्हणाले. “हात तिरकाच चालायचा त्याचा. या दगडावर बसून पाडली, माझी कानस घेऊन. तीन लाख झाले तेव्हा. जीपवर हात ठेवून म्हणाला, चाचा, बाईला आता अर्ध्या पोटी झोप लागते.”

रघुवीर हसला नाही. त्यानं पट्टी उलटसुलट करून बघितली.

“चाचा… बाबांची पट्टी वाकली होती.”

“मग?”

“मी ती फेकून दिली. दिवाळीत. ही नवी आहे. पाकीट मी माझ्या हातानं फोडलं.”

मिस्त्रींनी पट्टी आपल्या हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. त्यांनीही नख फिरवलं, वरून खाली, आणि थांबले. मग पुन्हा एकदा.

धुकं आणखी जवळ आलं होतं. आता बॉनेटपलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

रघुवीरच्या मनात एकदम आलं, गाडी उतारावर आहे. सकाळी तणतणत आलो, उतरलो, आणि हँडब्रेक? ओढल्याचं काही केल्या आठवेना. तो घाईनं पुढे झाला, दारातून आत वाकला.

हँडब्रेक ओढलेला होता. शेवटच्या दात्यापर्यंत. एवढा घट्ट तो स्वतः कधी ओढत नसे.

तो तसाच, दाराला धरून, उभा राहिला…

मिस्त्रींनी पट्टी आपल्या सदऱ्याला पुसली आणि हळूच नळीत सरकवली. बॉनेट त्यांनी आपटलं नाही. आत कुणी निजलं असताना दार ओढून घ्यावं, तसं दोन्ही हातांनी टेकवलं.

“चाचा,” रघुवीर म्हणाला, “भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो.”

मिस्त्रींनी बॉनेटवरचं दव हातानं पुसलं.

“पण मग उद्यापासून तेल कुठलं घालू?”

“सोनू घालायचा तेच,” मिस्त्री म्हणाले. “आणि त्याची रेघ मोडू नकोस.”