गोऱ्हा कोणाचा?

इंग्रजी अमलातली गोष्ट. माणदेशात जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं आणि ठकूबाईच्या गाईच्या दूधपित्या गोऱ्ह्याचा पहिला नंबर आला. कलेक्टरसाहेब बक्षीस देणार, एवढ्यात इनामदार पुढे झाले.

"हा माझ्या वळूचा वंश. तेव्हा गोऱ्हा माझा!"

साहेबांना वंशाचं भारी वेड. त्यांनी मान डोलावली. जन्मताच गारठलेल्या त्या जिवाला ठकूबाईनं आपल्या लुगड्यात गुंडाळून जगवलं होतं.

तिनं दावं इनामदारांच्या हाती दिलं. "न्या, सरकार. फकस्त त्याची दुधाची येळ झालीया. तुमच्या वळूखाली सोडा, पिऊ द्या पोटभर."

सगळं मैदान हसलं. साहेबही हसले. इनामदारांनी ओशाळून दावं सोडलं, तसा गोऱ्हा धावत जाऊन बाजूलाच बांधलेल्या आईच्या कासेला लुचू लागला. ठकूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्याचं पोट भरेपर्यंत साहेब तिचं बक्षीस हातात धरून थांबले.