रेजीबायनं बाळाच्या कानात काय म्हटलं

फार जुनी गोष्ट नाही खरं तर. पण ती इतक्या तोंडांतून फिरून आलीय की आता जुनीच झालीय. वसईकडच्या माडवली गावात ही घडली. मला माझ्या सासूबाईंनी सांगितली आणि त्यांना त्यांच्या आईनं. मधे कुणी काय घातलं, काय गाळलं, कोण जाणे. मी आपली ऐकली तशी सांगते.

त्या काळी माडवलीत रेजीबाय नावाची सुईण होती. तोंडात सदा मिसरी, बोलणं तिखट. पण तिच्या हाताला असा गुण होता की आडवं आलेलं मूल तिची चाहूल लागताच सरळ व्हायचं, असं म्हणतात. बाळ दगावेल असं दिसलं आणि फादर जवळ नसले, तर सुईणीनंच डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे, ही मुभा चर्चनंच दिलेली. असे कित्येक जीव रेजीबायनं देवाच्या पदरात घातले होते.

मग रोमहून हुकूम आला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, आता लॅटिनमध्ये नको, लोकांच्या भाषेत करा. फादरांनी लोकांकडे पाठ करून उभं राहायचं नाही, तोंड करून उभं राहायचं. वेदी फिरवली गेली, आणि वेदीबरोबर गावही फिरलं. अर्धं या बाजूला, अर्धं त्या.

जुन्याच्या बाजूनं दुमिंग उभा राहिला. त्याच्या केळीच्या वाड्या होत्या आणि चर्चमध्ये लॅटिन गाणी तोच उचलायचा. तो म्हणाला, "ज्या शब्दांत माझा बा पुरला, त्याच शब्दांत मला पुरा. मग काय ते बदला." नव्याच्या बाजूनं होता सालू, पानमळेवाला. तो म्हणाला, "देव एवढी वर्षं वसईत राहतोय. त्याला अजून मराठी येत नाही का?"

दुमिंगची माणसं रविवारी चर्चला यायची, पण दारात वेदीकडे पाठ करून उभी राहायची. फादर पाठ करत नाहीत ना, मग आम्ही करतो. फादर गास्पार तरुण होते. ते दुमिंगला म्हणाले, "हुकूम पोपसाहेबांचा आहे. आज्ञा पाळायला नको?"

"आजवर पाळली तीही पोपचीच होती ना, फादर?" दुमिंग म्हणाला.

आता पेच असा, की दुमिंगचा मुलगा आग्नेल आणि सालूची मुलगी लुजी यांचं लग्न या भांडणाच्या आधीच झालं होतं. लुजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी, मुलगी झाली. मूठभर जीव. रडेना, आणि ओठ जांभळे पडायला लागले.

"फादरांना आणा," रेजीबाय आतून ओरडली.

कुठल्या फादरांना, ते तिनं सांगितलं नाही. सालूनं फादर गास्पारांसाठी बैलगाडी पाठवली. दुमिंगला कळलं तशी त्यानं शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या फादरांसाठी दुसरी पाठवली, कारण ते अजून लॅटिनच म्हणायचे. दोन्ही गाड्या परत येताना वाड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर आल्या. मागे कोण घेणार? दोन्ही आजोबा धावत तिथे पोचले आणि भांडायला लागले. गाडीतल्या दोन्ही फादरांचं मात्र चांगलं जमलं, म्हाताऱ्यांनी तरुणाला तपकीर दिली, असं म्हणतात. वाट इतकी अरुंद की गाडीतून खाली उतरायलाही जागा नव्हती.

इकडे रेजीबायनं वाट बघितली. मग रहाटाचं पाणी तांब्यात घेतलं, दार लोटलं, आणि बाळाच्या डोक्यावर ओतून त्याच्या कानाशी हळूच शब्द म्हटले.

बाळ रडलं. ते रडणं एवढं मोठं होतं की वाटेवरचे चारही बैल आपोआप मागे सरले. बैल गाडीसकट मागे जात नाहीत, हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी गेले.

सगळे आनंदानं अंगणात आले, आणि दुमिंगनं विचारलं, "कुठल्या भाषेत म्हटलंस?"

रेजीबाय हात पुसत म्हणाली, "देवाला ऐकू गेलं."

फादर गास्पारांनी परोपरीनं सांगितलं की पाणी ओतलं, शब्द म्हटले, बाप्तिस्मा झाला. भाषा कुठलीही चालते. पण लॅटिनमध्ये झालं असेल तर दुमिंग जिंकणार होता, मराठीत झालं असेल तर सालू. कळल्याशिवाय दुमिंग सुनेला घरी नेईना, आणि कळल्याशिवाय सालू लेकीला धाडीना. आग्नेल रोज पानमळ्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा. लुजी बाळाला उचलून लांबून दाखवायची. बाळ बापाला कुंपणाच्या काटक्यांमधूनच ओळखायला लागलं.

लुजीलाही लोकांनी विचारलं. तू तर तिथेच होतीस, काय ऐकलंस? ती म्हणाली, "मी बाळाकडे बघत होते." एवढंच. मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं ते हे वाक्य.

शेवटी तीच रेजीबायकडे गेली. "बाय, सांगून टाक ना. काहीही सांग. मला माझ्या घरी जायचंय."

"सांगितलं तर तू घरी जाशील," रेजीबाय म्हणाली, "पण पोर जन्मभर एकाच आजोबाची राहील. दुसरा तिला कधी मांडीवर घेणार नाही. चालेल?"

लुजी परत आली, आणि बाळाला उचलून पुन्हा कुंपणाशी गेली.

दोन्हीकडून तगादा वाढला. फादर थकले. त्यांनी रेजीबायला बोलावून सांगितलं, "ही आज्ञा समज. रविवारी बाळाचे राहिलेले विधी आहेत. सगळ्यांसमोर, चर्चमध्ये, तू म्हटलेले शब्द जसेच्या तसे म्हणायचे."

"आज्ञा आहे ना? मग म्हणते."

त्या रविवारी चर्च भरलं. बाहेर माडांच्या झावळ्यासुद्धा हलायच्या थांबल्या, असं म्हणतात. लुजी बाळाला घेऊन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिली. एका बाजूला सालू. दुमिंगही दार सोडून पुढे आला, कारण जिंकायचं तर ऐकायला हवं. त्याची माणसं दारात पाठ करूनच, पण कान मागे लावून.

रेजीबायनं हात ओला केला. बाळाच्या डोक्यावर ठेवला. वाकली, आणि बाळाच्या कानाला ओठ लावून म्हणाली, जेवढं हळू त्या दुपारी म्हटलं होतं तेवढंच हळू.

सालू ऐकायला वाकला. दुमिंगही वाकला. आणखी वाकले. आणि दोघांची कपाळं एकमेकांवर अशी आपटली की शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला आणि कौलांखालचे पारवे भुर्रकन उडाले.

बाळ हसलं. कुठलंही बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की हसतंच, पण ते पहिल्यांदा तेव्हा हसलं. एका हातात सालूची मिशी, दुसऱ्या हातात दुमिंगची.

"काय झालं?" म्हणून दारातली माणसं वळली. वळली, तेव्हा समोर वेदी होती. मग पुन्हा पाठ करायची कशी, ते कुणाला सुचेना.

"ऐकू आलं नाही," सालू कपाळ चोळत म्हणाला.

"मला जसं म्हटलं होतं तसं म्हणायला सांगितलं," रेजीबाय म्हणाली. "मी म्हटलं. फादर, आज्ञा मोडली का?"

फादर म्हणाले, "नाही मोडली."

दुमिंगनं नातीच्या मुठीतून मिशी सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना. "चल," तो सुनेला म्हणाला, "हिला घेऊन असंच घरी जाऊ." आणि मिशी दोघांच्या धरलेल्या, म्हणून सालूलाही जावं लागलं.

भांडण त्या दिवशी मिटलं असं नाही. दुमिंग मरेपर्यंत लॅटिनच पुटपुटत राहिला. पण तो गेला तेव्हा त्याच्या बापाच्या वेळची गाणी व्हावीत म्हणून फादरांकडे परवानगी मागायला गेला तो सालू. आणि फादरांनी ती दिली.

रेजीबाय कुणालाही न सांगता गेली. तिचा अंतकाळ आला तेव्हा अर्ध्या गावानं तिच्या तोंडाशी कान नेले होते. तिनं मिसरी मागितली.

माडवलीत आजही बाप्तिस्म्याच्या आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई ओल्या हातानं बाळाच्या कानात काहीतरी म्हणते. आणि दोन्ही आजोबांना बाळावर वाकून कपाळाला कपाळ लावावं लागतं, त्याशिवाय फादर सुरू करत नाहीत. त्याला 'रेजीबायचं' असंच म्हणतात. माझ्या मुलीच्या वेळी तिचे दोन्ही आजोबा हॉलच्या जेवणावरून एकमेकांशी बोलत नव्हते. तरी वाकले.

सासूबाईंनी बाळाच्या कानाला ओठ लावले तेव्हा मी अगदी जवळ होते. ऐकायचं ठरवूनच उभी होते. पण मी बाळाकडे बघत होते.